जंगलाचा ठेका गेला म्हणून लिहायला बसलेल्या माणसाने ‘चंद्रकांता’ जन्माला घातली

साल १९९४. दूरदर्शनवर रामायण आणि महाभारत होऊन काही वर्षं झाली होती. घराघरात केबल शिरायला सुरुवात झाली होती, पण छपरावरचे अँटेना अजून उतरले नव्हते. अशात दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ सुरू झाली आणि रविवारच्या सकाळी पुन्हा एकदा गल्ल्या ओस पडायला लागल्या.

पिंपरी-चिंचवडमध्ये तेव्हा टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स अशा कंपन्यांच्या जोरावर हजारो घरं चालत होती. कामासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, तसंच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून माणसं येऊन भोसरी, निगडी, आकुर्डीत राहिली होती. मराठी घरातल्या पोरांसाठी चंद्रकांता ही नवी कोरी गोष्ट होती. जाड भुवयांचा क्रूरसिंह आणि त्याचं यक्कू, वेश बदलून फिरणारे ऐयार, जमिनीखालची भुयारं. पोरं पुढचा आठवडाभर त्याच्याच नकला करायची.

पण शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या बनारस किंवा गयेकडच्या कुटुंबासाठी ही गोष्ट नवी नव्हती. त्यांच्याकडे ती आज्या-पणज्यापासून चालत आलेली होती. ते मालिकेची वाट बघत होते ती वेगळ्या कारणाने. इतकी वर्षं डोक्यात रंगवलेली चंद्रकांता पडद्यावर कशी दिसणार, तेजसिंह कोण होणार, आणि तो तिलिस्म दाखवणार तरी कसा?

या सगळ्या उत्सुकतेच्या मुळाशी एक माणूस होता, बाबू देवकीनंदन खत्री. मालिका आली तेव्हा त्यांना जाऊन ८० वर्षं उलटली होती.

देवकीनंदन यांचा जन्म जून १८६१ मधला, बिहारमधल्या पूसा या गावी. हे त्यांचं आजोळ. वडिलांचं नाव लाला ईश्वरदास. घराणं मूळचं पंजाबकडचं. महाराजा रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर लाहोर दरबारात जी उलथापालथ झाली, त्या काळात ईश्वरदास पंजाब सोडून काशीला आले आणि तिथेच स्थायिक झाले. देवकीनंदन यांचं लहानपण मात्र बरंचसं आजोळीच गेलं.

शिक्षणाची सुरुवात झाली उर्दू आणि फारसीने. तेव्हा उत्तरेत तीच रीत होती. कोर्टकचेरीचं काम फारसी लिपीत चालायचं, त्यामुळे ज्याला पोटापाण्याची नोकरी हवी तो आधी उर्दू शिकायचा. हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी देवकीनंदन यांच्या वाट्याला नंतर आली, ती काशीत आल्यावर.

ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे या माणसाने जे केलं त्याचं मोल यावरच ठरतं.

तरुणपणी त्यांनी गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यवसाय थाटला. बस्तानही बसलं. पण ते फार काळ टिकलं नाही आणि ते काशीला परतले. काशीच्या राजघराण्याशी त्यांची ओळख होती. त्या ओळखीतून त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. हा भाग काशीच्या दक्षिणेला, विंध्याच्या डोंगररांगांत येतो. आज तो उत्तर प्रदेशच्या चंदौली जिल्ह्यात आहे.

ठेकेदार म्हटल्यावर लाकूड मोजायचं, माल बाहेर काढायचा, पैसे वसूल करायचे एवढंच काम. पण देवकीनंदन यांना भटकण्याचा नाद होता. कामाच्या निमित्ताने ते दिवसच्या दिवस जंगलात काढायचे. वाटेत पडके किल्ले लागायचे, गुहा लागायच्या, झाडीत बुजलेल्या विहिरी आणि दरीत कोसळणारे धबधबे लागायचे. चुनार आणि विजयगढ हे किल्ले याच टापूत येतात. त्यांच्या भिंतींमागे खजिना आहे, खाली भुयार आहे, ते अमुक ठिकाणी निघतं, अशा गोष्टी आसपासच्या गावांत सांगितल्या जायच्या.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे ज्या गावात गढी, त्या गावात भुयाराची गोष्ट असतेच. चाकणचंच बघा. आज कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने झुंजवला आणि शेवटी मोगलांना खालून सुरुंग खोदून बुरूज उडवावा लागला. अशा जागी पडक्या भिंतीपाशी उभं राहिलं की जमिनीच्या पोटात काय असेल, हा विचार मनात येतोच.

देवकीनंदन यांच्या मनात तो वर्षानुवर्षं येत राहिला.

मग ठेका सुटला.

वय पंचविशीच्या आसपास. टिकारीचा व्यवसाय आधीच मागे पडलेला, आता जंगलाचं उत्पन्नही बंद झालेलं. हातात उरलं होतं ते एवढंच, इतकी वर्षं पाहिलेली जंगलं आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या उर्दू-फारसी दास्तानी. त्या दोन्हींची सांगड घालून त्यांनी लिहायला घेतलं.

१८८८ च्या सुमारास काशीतून ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध झाली.

गोष्ट थोडक्यात अशी. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचाही तिच्यावर डोळा आहे. तो चुनारच्या शिवदत्त राजाला जाऊन मिळतो. मग दोन्ही बाजूंचे ऐयार कामाला लागतात आणि चंद्रकांता एका तिलिस्ममध्ये अडकते. तो तिलिस्म फोडून तिला बाहेर काढणं हे वीरेंद्रसिंहाचं काम.

आता ऐयार म्हणजे काय, तर हेर, बहुरूपी, वैद्य आणि लढवय्या यांचं मिश्रण. त्याच्या कमरेला बटवा असतो. त्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायचा लखलखा, चेहरा बदलायचं सामान असतं. भिंत चढायला दोर असतो, त्याला कमंद म्हणतात. वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह आणि चंद्रकांतेची मैत्रीण चपला या दोघांनी तर वाचकांना वेड लावलं. चपला ही स्वतः ऐयार आहे आणि पुरुष ऐयारांना ती सहज गुंगारा देते, हे १८८८ च्या काळातल्या वाचकांसाठी नवलाचंच होतं. ऐयारांचा एक नियमही होता. ऐयाराने ऐयाराचा जीव घ्यायचा नाही, फार तर कैद करायचं. त्यामुळे कालचा शत्रू उद्या आपल्या बाजूला येऊ शकायचा आणि गोष्ट कुठेही वळू शकायची.

आणि तिलिस्म म्हणजे जुन्या राजांनी खजिना सांभाळण्यासाठी बांधलेलं चक्रावून टाकणारं ठिकाण. ते कसं उघडायचं आणि कुणाच्या हातून उघडणार हे आधीच ठरलेलं असतं.

ऐयार आणि तिलिस्म ही दोन्ही खत्रींची स्वतःची कल्पना नव्हती. अमीर हमजाच्या दास्तानींमध्ये दोन्ही होतं. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड उर्दूत छापायला सुरुवात केली होती आणि लोक ते आवडीने वाचत होते. पण त्या तिलिस्ममध्ये जादूगार होते, मंत्र होते, जिन्न आणि पऱ्या होत्या.

खत्रींनी काय केलं? त्यांनी जादू काढून टाकली.

त्यांच्या तिलिस्ममध्ये दगडी पुतळा हलतो तो आतल्या कळसूत्रामुळे. दार उघडतं ते विशिष्ट फरशीवर पाय पडल्यामुळे. माणूस बेशुद्ध होतो तो औषधाने. सगळं आधी अशक्य वाटतं आणि नंतर कुणीतरी त्यामागची करामत उलगडून दाखवतं. तार, आगगाडी आणि छापखाना नुकताच पाहिलेल्या पिढीला हे पटण्यासारखं होतं. असं कसं होऊ शकेल, असा आक्षेप घेणारे टीकाकार होतेच. त्यावर खत्रींचं म्हणणं असं होतं की आज जे अशक्य वाटतं ते उद्या कुणीतरी करून दाखवतो, आणि आधीच्या लोकांना काहीच येत नव्हतं असं मानायचं कारण नाही.

दुसरा बदल त्यांनी भाषेत केला. त्या काळात हिंदी लिहायची म्हणजे एकतर संस्कृत शब्दांचा भरणा करायचा, नाहीतर उर्दूकडे झुकायचं. खत्रींनी बाजारात बोलली जाणारी साधी भाषा उचलली. वाचताना शब्दकोश शोधायला लागू नये, हा त्यांचा हिशेब होता. लिपी मात्र देवनागरी.

आणि इथेच ती प्रसिद्ध गोष्ट घडली. ज्यांना फक्त फारसी लिपी येत होती अशा असंख्य लोकांनी केवळ ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून देवनागरी शिकून घेतली. काशीत नागरी प्रचारिणी सभेची स्थापना झाली ती १८९३ मध्ये. संयुक्त प्रांतातल्या कोर्टांत नागरी लिपीला सरकारी परवानगी मिळाली ती १९०० मध्ये. त्यासाठी अर्ज झाले, सभा झाल्या, वाद झाले. पण त्याच्या कितीतरी आधी एका जंगलाच्या ठेकेदाराने गोष्टीच्या गोडीने लोकांना ती लिपी गिरवायला लावली होती.

‘चंद्रकांता’चे चार भाग हातोहात खपले. लोकांना पुढचं हवं होतं. मग खत्रींनी वीरेंद्रसिंहाच्या मुलांची, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांची गोष्ट सुरू केली. ती ‘चंद्रकांता संतति’. ही चालली तब्बल २४ भाग.

२४ भाग म्हणजे वाचकाने वर्षानुवर्षं वाट बघायची. भाग संपायचा तो नेमका कुणीतरी विहिरीत उडी टाकल्यावर, किंवा आपला वाटणारा माणूस शत्रूचा ऐयार निघाल्यावर. मग पुढचा भाग छापून येईपर्यंत नुसते तर्क. पुढचा भाग कधी येणार म्हणून लोक छापखान्याशी चौकशी करायचे, असं सांगितलं जातं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाचणाऱ्याभोवती गोळा होऊन बसायचे. १९९४ मध्ये टीव्ही असलेल्या एका घरात दहा घरची माणसं जमायची, त्यातलाच हा प्रकार.

मागणी एवढी वाढल्यावर १८९८ मध्ये खत्रींनी काशीत स्वतःचा छापखाना काढला. नाव ठेवलं लहरी प्रेस. १९०० मध्ये ‘सुदर्शन’ नावाचं मासिकही सुरू केलं, त्याचं संपादन माधवप्रसाद मिश्र बघायचे. मासिक काही फार वर्षं चाललं नाही. पण छापखाना टिकला. ठेका गेलेला माणूस आता आपल्याच गोष्टी आपल्याच छापखान्यात छापत होता. मधल्या काळात ‘नरेंद्र मोहिनी’, ‘कुसुम कुमारी’, ‘काजर की कोठरी’ अशा इतर कादंबऱ्याही आल्या.

वाचकांनी डोक्यावर घेतलं, पण विद्वानांचं काय?

हिंदी साहित्याचा इतिहास लिहिणारे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी खत्रींचं एक श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. हिंदीला जेवढे वाचक खत्रींनी मिळवून दिले तेवढे दुसऱ्या कुणीही दिले नाहीत, हे त्यांनी नोंदवलं. पण त्याच वेळी या कादंबऱ्यांत घटनाच घटना आहेत, माणसाच्या मनाचं चित्रण नाही, म्हणून त्या खऱ्या साहित्यात बसत नाहीत, असा निकालही दिला. पुढची कितीतरी वर्षं शाळा-कॉलेजात हाच निकाल चालला.

मराठीतही साधारण हेच घडलं होतं. खत्री जन्मले त्याच वर्षी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. राजपुत्र, राजकन्या, संकटं आणि योगायोगांनी भरलेल्या या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी मराठीत वाचक तयार केले. मग हरिभाऊ आपट्यांनी घराच्या माजघरातलं दुःख कादंबरीत आणलं आणि समीक्षकांनी आधीच्या सगळ्या प्रकाराला बाजूला सारलं. तरी वाचकांची भूक संपली नव्हती. नाथमाधव यांची ‘वीरधवल’ आली ती १९१३ च्या सुमारास आणि ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली.

तेच १९१३ साल खत्रींचं शेवटचं ठरलं.

‘संतति’ संपल्यावर त्यांनी तिच्यातल्याच एका पात्राला हात घातला होता. भूतनाथ. हा एक ऐयार. हुशार, धाडसी, पण ज्याच्या मागे जुन्या पापांचं ओझं आहे. ‘संतति’मध्ये तो पूर्ण वाईटही वाटत नाही आणि त्याच्यावर विश्वासही ठेवता येत नाही. खत्रींनी ठरवलं की आता याचीच कहाणी सांगायची. ज्यांच्यावर माणसाच्या मनाचं चित्रण नाही असा आरोप झाला, त्यांनी शेवटची मोठी गोष्ट निवडली ती अशा मन खाणाऱ्या माणसाची.

‘भूतनाथ’चे सहा भाग झाले. १ ऑगस्ट १९१३ रोजी देवकीनंदन खत्री यांचं निधन झालं. वय अवघं ५२.

वाचक गोष्टीच्या मधोमध उभे राहिले. आता पुढे काय झालं हे सांगणार कोण?

ते सांगितलं त्यांच्या मुलाने. दुर्गाप्रसाद खत्री तेव्हा जेमतेम १८ वर्षांचे होते. त्यांनी पुढे वडिलांची लेखणी आणि लहरी प्रेस दोन्ही हाती घेतलं. ‘भूतनाथ’ २१ भागांपर्यंत नेऊन पूर्ण केली. नंतर त्यांनी ‘लाल पंजा’, ‘रक्त मंडल’ अशा स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत इंग्रजांविरुद्ध लढणारे क्रांतिकारक होते आणि तिलिस्मची जागा विज्ञानाने घेतली होती.

आता पुन्हा १९९४ कडे येऊ.

नीरजा गुलेरी यांनी ‘चंद्रकांता’ची मालिका केली. लेखनाची जबाबदारी होती हिंदीतले मोठे कथाकार कमलेश्वर यांच्याकडे. शाहबाज खान वीरेंद्र झाले, शिखा स्वरूप चंद्रकांता झाल्या, पंकज धीर शिवदत्त, अखिलेंद्र मिश्रा क्रूरसिंह आणि तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला इरफान खान बद्रीनाथ ऐयार.

मालिका तुफान चालली. पण पुस्तक वाचलेली मंडळी काही भागांतच कोड्यात पडली. गोष्ट कादंबरीपासून लांब चालली होती. नवी पात्रं, नवी उपकथानकं, आणि मुख्य म्हणजे चमत्कार. खत्रींनी प्रत्येक अद्भुत गोष्टीमागे एखादी कळ, एखादं औषध, एखादी युक्ती ठेवली होती. पडद्यावर मात्र ज्याला त्याला शक्ती प्राप्त व्हायला लागल्या. जी जादू त्यांनी शंभर वर्षांपूर्वी गोष्टीतून काढून टाकली होती, ती टीव्हीने पुन्हा आत आणली.

जुने वाचक कुरकुरले, तरी रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसलेच. दुसरीकडे ज्यांनी खत्रींचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो लोकांना पहिल्यांदा कळलं की अशी एक गोष्ट आहे. त्यातले काही जण मूळ पुस्तकाकडे वळले.

नंतरही चंद्रकांता येतच राहिली. २०१७ मध्ये तर दोन वाहिन्यांवर तिच्या दोन वेगवेगळ्या मालिका एकाच वर्षात आल्या. हे शक्य होतं, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचे हक्क संपतात. खत्रींच्या कादंबऱ्या केव्हाच सगळ्यांसाठी खुल्या झाल्या आहेत. कुणीही त्यावर मालिका काढू शकतं, सिनेमा करू शकतं, मराठीत आणू शकतं.

दर वेळी नवी चंद्रकांता येणार म्हटलं की तेच प्रश्न विचारले जातात. चपला कोण होणार? तिलिस्म कसा दाखवणार? आणि या वेळी तरी पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी येणार का? चकियाच्या जंगलात पडक्या भिंतीपाशी उभं राहून खत्रींनी मनातल्या मनात बांधलेला तो तिलिस्म, जादूशिवायचा, पडद्यावर अजून यायचाच आहे. तोपर्यंत तो बघायचा असेल तर पुस्तक उघडावं लागतं. त्यासाठी लिपी शिकायची गरज मराठी माणसाला नाही, ती त्याला आधीपासूनच येते.